पिठात गिरवलेली अक्षरं

सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. या सगळ्या आजारात मला लिहिता येत होतं. हात थरथरला नाही, अक्षर बिघडलं नाही. फक्त मी लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं. असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, माझ्या घरच्यांनाही नव्हतं. तुमच्या घरी कुणाचं असं झालं तर त्याला वेड लागलंय किंवा तो नाटक करतोय असं समजू नये, म्हणून हे लिहितोय.

दुसरं कारण जास्त खरं आहे. मी हे दहा दिवस लपवलं आणि त्यापायी माझी आई जाता जाता वाचली. आजाराबद्दल मला कुणी दोष दिला नाही. लपवण्याबद्दलही आता कुणी काही बोलत नाही. म्हणूनच ते मला स्वतः सांगायला पाहिजे.

मी टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करत होतो. जमिनीखालच्या जाड केबलमध्ये तारांच्या शेकडो जोड्या असतात. कुठं रस्ता खणताना ती तुटली की खड्ड्यात उतरायचं आणि एकेक तार तिच्या जोडीला लावत बसायचं. मोबाइल तेव्हा एखाद-दुसऱ्याच्याच खिशात दिसायचा. आमच्या खात्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहत होतो. मी, आई आणि बायको महादेवी. मुलगा शिकायला बाहेर होता. आमचं लिंगायताचं घर, आई आणि बायको दोघीही सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या. आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती शाळेत गेलेलीच नाही. महादेवी चिकोडीकडची, कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली.

लग्नानंतर महिन्याभरात माझे दोन मेहुणे आणि चुलतभाऊ घरी जेवायला होते. महादेवीनं कौतुकानं मराठी पेपर उचलला आणि एकेका अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागली. "को… ल्हा… पु… रा… त." मी जेवता जेवता तिची नक्कल केली. ताटातल्या भाकरीवर बोट फिरवत "भा… क… री" म्हटलं. सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसानंतर तिनं माझ्यासमोर मराठी कधी वाचलं नाही. पत्र आलं, एसटीची पाटी दिसली, औषधाचं पाकीट आलं, की "वाचा की जरा" म्हणून माझ्याकडं द्यायची. अठरा वर्षं घरातलं सगळं वाचायचं काम माझं होतं, आणि मला त्याचा तोरा होता.

*

श्रावणातला शनिवार होता. सकाळी उठलो तेव्हा डोकं मागच्या बाजूनं दुखत होतं. मोरीकडं जाताना उजवा खांदा चौकटीला धडकला. झोप उतरली नाही म्हणून दुर्लक्ष केलं. चहा घेऊन पेपर उघडला, तर तो कन्नड.

खरंच तसं वाटलं. कागल सोडून पुढं गेलं की ज्या पाट्या लागतात, त्या बघताना मला वाटतं अगदी तसं. काहीतरी लिहिलंय हे कळतं. काय लिहिलंय ते कळत नाही.

"महादेवी, पेपरवाल्यानं आज तुझ्या माहेरचा पेपर टाकलाय बघ."

ती हात पुसत आली. पेपर घेतला. माझ्याकडं बघितलं.

"मराठीच हाय की."

"चेष्टा केली गं."

"सकाळी सकाळी कसली चेष्टा?" म्हणत ती आत गेली. मी पेपर परत उघडला. फोटो दिसत होते. पुढाऱ्याचा चेहरा ओळखू येत होता. त्याखालच्या ओळी मात्र मुंग्यांच्या रांगेसारख्या. मी पाच मिनिटं पेपर तोंडासमोर धरून बसलो. पानं उलटण्यात जास्त वेळ जाऊ नये, कमी जाऊ नये, याचा अंदाज घेत. हे माझं पहिलं नाटक.

आमच्या कामातली एक सवय सांगतो. फोन बंद आहे अशी तक्रार आली की आधी यंत्र बदलून बघायचं. बहुतेक वेळा दोष यंत्रातच निघतो. केबल उकरणं हे शेवटचं काम. मी तेच केलं. त्याच दिवशी चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यानं डोळ्यावर एकामागून एक काच धरली.

"आता?"

"साफ."

"आणि ही?"

"ही आणखी साफ."

मी खोटं बोललो नाही. साफच दिसत होतं. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा असं तो म्हणाला तेव्हा मात्र मी घड्याळाकडं बघून "घाई हाय हो, आधीच्या नंबरात थोडा वाढवा" म्हणालो. चार दिवसांनी नवा चष्मा आला. मुंग्या जास्त ठळक झाल्या. मी दुकानात जाऊन भांडलो आणि काचा परत बदलायला टाकल्या.

पाचव्या दिवशी एका डीपीच्या, म्हणजे खांबावरच्या जोडणीच्या डब्याच्या कामाची नोंद मी कागदावर लिहिली. सराईतासारखी, झरझर. तासाभरानं साहेबांना सांगायला म्हणून तोच कागद खिशातून काढला. अक्षर माझं होतं. वळण ओळखू येत होतं. त्यात काय लिहिलंय ते मला सांगता येईना. मी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून उभा राहिलो. त्या क्षणी मला कळलं की दोष काचेत नाही.

तेव्हा दवाखान्यात जायला पाहिजे होतं. मी घरी गेलो आणि अंगात कणकण आहे म्हणून रजा टाकली. कारण विचाराल तर लाज. सांगणार काय? सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला वाचता येत नाही? आणि ते सांगायचं कुणाला, तर महादेवीला?

*

दहावा दिवस श्रावणी सोमवार होता. अव्वाला साखरेचा त्रास आणि रक्तदाबाचा. सकाळी साखरेची गोळी, दुपारी रक्तदाबाची. उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी द्यायचीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या देणं माझं काम, कारण पाकिटं वाचणारा मीच.

इतके दिवस मी पाकिटाच्या रंगावर निभावलं. आदल्या दिवशी नवी पाकिटं आली होती. दुकानदारानं कंपनी बदलून दिलेली. दोन्ही चंदेरी, दोन्हींत बारीक पांढऱ्या गोळ्या. दुपारी मी ती दोन पाकिटं खिडकीपाशी उजेडात धरली. फिरवून बघितली. मागं बारीक अक्षरं होती. मी त्यांच्याकडं किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

महादेवी स्वयंपाकघरात होती. दहा पावलांवर. हाक मारली असती तर झालं असतं.

"मल्लू, आण की गोळी. घसा वाळला पाणी धरून," अव्वा म्हणाली.

मी एक गोळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

चारच्या सुमारास अव्वा घामानं भिजली. आधी वाटलं उकडतंय. मग ती माझ्याकडं बघून कन्नडमध्ये काहीबाही बोलायला लागली. "नीरु कोडू, अप्पा, नीरु कोडू," म्हणजे पाणी दे. मला ती आपला बाप समजत होती. महादेवीनं तिचा हात धरला आणि ओरडली, "अय्यो, गार पडल्यात ओ! गोळी कंची दिलीसा?"

"रक्तदाबाची."

"बघून दिलीसा न्हवं?"

"व्हय."

अव्वाला अजून गिळता येत होतं. महादेवीनं साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं तोंडात घातलं. मी रिक्षा आणली. रिक्षात बसताना तिनं दोन्ही पाकिटं पदरात टाकली. मला ते सुचलंही नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण ती पाकिटं मला कुणासमोर नको होती.

दवाखान्यात अव्वाला आत घेतलं, सलाईन लावलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. महादेवीनं पाकिटं पुढं केली.

"यातली कुठली दिली?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी एकावर बोट ठेवलं. त्याच्यातली एक गोळी कमी होती, तेवढंच मला कळत होतं.

"नाव वाचा ना."

मी पाकीट हातात घेतलं. रिक्षातून आल्यापासून माझ्या कानात घरघर होत होती. पडद्यामागं अव्वा कण्हत होती. मी म्हणालो, "मला वाचता येत नाही."

बाईंना वाटलं मी अडाणी आहे. चिडल्याच त्या. "मग घरात औषधं बघतं कोण?"

महादेवीनं माझ्या हातातून पाकीट ओढून घेतलं. इंग्रजी नावाखाली देवनागरीत बारीक छापलं होतं. तिनं त्या अक्षराखाली बोट धरलं. "ग्लि… बे… न…"

"साखरेची," बाई म्हणाल्या आणि आत पळाल्या.

महादेवीनं मान वर केली नाही. ती अजून त्या पाकिटाकडं बघत होती.

*

संध्याकाळी अव्वा शुद्धीत आली. डॉक्टरीणबाई मग माझ्याकडं वळल्या. महादेवीनं तोवर त्यांना सांगितलं होतं की हे खात्यात नोकरीला आहेत, रोज पेपर वाचतात. बाईंनी मला नीट विचारलं. चौकटीला खांदा लागला ते, पेपर कन्नड वाटला ते, सगळं बाहेर आलं. त्यांनी माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं.

"लिहिता येतं?"

"येतं."

"आज काय झालं ते लिहा."

मी लिहिलं. दोन-तीन ओळी. त्यांनी कागद उलटा ठेवला, नाडी बघितली, डोळ्यात बॅटरी मारली, माझ्या उजव्या बाजूला बोटं नाचवून "किती?" विचारलं. मला बोटं दिसलीच नाहीत. मग कागद सरळ करून माझ्यासमोर धरला. "आता वाचा."

मी बघत राहिलो. मुंग्या.

कागद बाईंच्या हातात होता, पण वाचला महादेवीनं. त्यांच्या शेजारी उभी राहून, अक्षराखाली बोट धरून, तशीच अडखळत, जशी लग्नानंतर त्या दिवशी वाचत होती.

"मी… अव्वाला… न… वाचता… गोळी… दिली. मला… दहा… दिवस… माहीत… होतं… की मला… वाचता… येत… नाही."

वाचून झाल्यावर तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. वॉर्डात दहा-बारा माणसं होती. कुणी हसलं नाही.

*

मलाही ठेवून घेतलं. डोक्याचे फोटो काढले तेव्हा निघालं की मेंदूच्या मागच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला होता. लहानसा झटका, पण नेमक्या जागी. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पलंगावर बसून समजावलं. डोळे जे बघतात ते डोक्याच्या मागं उमटतं. तिथून ते शब्द ओळखणाऱ्या भागाकडं जातं, तिथून अर्थाकडं, बोलण्याकडं. आपण गोष्ट वाचत असतो तेव्हा हे सगळे भाग सारखे एकमेकांशी बोलत असतात. पुढं काय येणार याचा अंदाज एक भाग दुसऱ्याला आधीच कळवून ठेवतो, म्हणून नजर सरसर धावते. तुमच्या डोळ्याकडून शब्दाकडं जाणारी वाट तुटलीय. लिहिणं शब्दाकडून हाताकडं जातं. ती वाट वेगळी, ती शाबूत आहे.

"म्हणजे दोन्हीकडचे फोन चांगले," मी म्हणालो. "मधली केबल गेली."

डॉक्टर हसले. "अगदी बरोबर."

"जोडता येईल?"

"ती नाही."

मग मी विचारलं, "पहिल्याच दिवशी आलो असतो तर?"

"तुमचं काय झालं असतं ते नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण आईंना ती गोळी तुम्ही दिली नसती."

ते रागानं बोलले नाहीत. त्यांच्या जागी मीही दुसरं काय बोललो असतो? पण त्या वाक्यानंतर मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

अव्वा बायकांच्या वॉर्डात, मी पुरुषांच्या. महादेवी दोन्हीकडं डबे घेऊन जिना चढायची. सकाळी सहाला झाडलोट, सातला रक्त घेणं, नऊला मोठे डॉक्टर. मला बघून सगळ्यांना कोडं पडायचं. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचं अर्धं अंग गेलेलं. त्याचा भाऊ सोबतीला होता, कागलचा, उसाचा शेतकरी. एकदा त्यानं कसलासा फॉर्म आणून माझ्यापुढं धरला.

"पावणं, जरा वाचून दावा की काय लिवलंय."

"मला येत न्हाय."

"आँ? चष्मा तर दोन-दोन ठेवल्यात की उशाला!"

मी हसलो. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. मग त्याला खरं सांगितलं. तो बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, "आमच्या दादाला समदं समजतंय, पर बोलता येत न्हाय. तुमास्नी दिसतंय, पर वाचता येत न्हाय. मला तर दोनीबी येतंय, पर साळंत कुणी घातलंच न्हाय. चला, तिघं मिळून एक फॉर्म भरू." शेवटी तो फॉर्म त्यानं नर्सला वाचायला लावला आणि भरला मी. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

खात्यातला एक मित्र भेटायला आला. वेळ जावा म्हणून तीन मासिकं घेऊन आला होता. मी त्याला थँक्यू म्हणालो. त्याला मात्र खरं सांगता आलं नाही.

*

अव्वा चार दिवसांत घरी आली, मी नवव्या दिवशी. घरी आल्यावर मी वाईट वागलो. डॉक्टरांनी मुलांचं अंकलिपीचं पुस्तक आणायला सांगितलं होतं. 'क' बघायचो आणि ओळखू यायचं नाही. एकदा ते पुस्तक मी अंगणात फेकलं. महादेवी बाहेर गेली, उचलून आणलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "चुलीपाशी या."

परातीत भाकरीचं पीठ पसरलेलं होतं. तिनं माझं बोट धरलं आणि पिठात फिरवलं. वळण, मग उभी रेघ, मग वर आडवी.

"कंचं?"

"क," मी म्हणालो. कसं म्हणालो ते मलाही कळलं नाही. डोळ्यानं ओळखलं नव्हतं. बोट फिरलं आणि तोंडातून आलं.

"मी अशीच शिकले," ती पीठ सारखं करत म्हणाली. "तुम्ही हसलासा न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. किराणा बांधून आलेला कागद म्होरं ठेवायचा आणि एक एक अक्षर पिठात काढायचं. कुणाची चाहूल लागली की पाणी घालून मळायचं. भाकरी होऊन जायाची."

"किती वर्षं?"

"बोट धरून का हुईना, वर्ष-दीड वर्षात आलं की वाचायला."

"मग मला का वाचायला लावायचीस?"

तिनं पीठ पसरलं. "तुम्हाला बरं वाटायचं."

मी पिठात परत 'क' काढला. ती हळू आवाजात म्हणाली, "मी लपवलं नसतं तर त्या दिशी पाकीट मीच बघितलं असतं." मी तिला म्हटलं, ते माझ्या खात्यावर राहू दे. तिनं ऐकलं की नाही ठाऊक नाही.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. हात फिरला की त्या हालचालीची खबर शब्दापर्यंत वेगळ्या वाटेनं पोचते, म्हणाले, हेच करत राहा. मला ते लगेच पटलं. आमच्या प्रत्येक केबलमध्ये काही जोड्या मोकळ्या सोडलेल्या असतात. मुख्य जोडी कामातून गेली की त्यांच्यातून लांबच्या वाटेनं का होईना आवाज पोचवायचा. आवाज थोडा बारीक येतो. पण येतो.

सहा महिने परात, मग तळहात, मग मांडीवर बोट. आता खिशात हात घालून बोट हललं तरी चालतं. आजही मी अक्षर अक्षर जोडूनच वाचतो. लांब शब्दाचं शेवटचं टोक उजवीकडं गायब होतं, मान वळवून शोधावं लागतं. एसटीची पाटी वाचून होईपर्यंत एसटी जाते. नजर सरसर धावणं परत आलं नाही, आणि येणारही नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले. वाचून बघायला तीन आठवडे.

*

गोळ्या तेव्हापासून महादेवी देत होती. मी त्या डब्याजवळसुद्धा जात नव्हतो. पुढच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दुपारी अव्वानं डबा स्वतः उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. हातात पाण्याचा तांब्या.

"मल्लू, गोळी."

"महादेवी देती की."

"तिला न्हाय म्हटलं मी. तुला म्हटलं."

मी महादेवीकडं बघितलं. ती दारात धान्य पाखडत होती. "मी बघणार न्हाय," ती म्हणाली आणि खरंच पाठ फिरवून बसली.

मी दोन्ही पाकिटं काढली. एक उचललं. मांडीवर बोट फिरवायला लागलो. एक अक्षर. दुसरं. तिसऱ्यावर अडलो, पुन्हा पहिल्यापासून. बोटाला घाम आला होता. अव्वा समोर तांब्या धरून उभी.

"बस की तोवर."

"वाच सावकाश. मी कुठं पळून जाते?"

ते साखरेचं निघालं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. ते तीनदा वाचलं. मग एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं बघितलं नाही, विचारलं नाही. तोंडात टाकली, वर पाणी प्याली आणि आडवी झाली.

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. महादेवीनं एकदा जेवायला बोलवलं, मी मान हलवली. अव्वाच्या कपाळाकडं बघत होतो. कोरडं होतं. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अजून हितंच बसलायस व्हय रं? ऊठ, चहा टाक."